पडद्याआडून राज्य सावरणारी बीदरची राजमाता
कमठाणा गावाजवळच्या बीदर किल्ल्यातून बहमनी राज्याचा कारभार चाले. १४६१ मध्ये हुमायूनशहाचे निधन झाले, तेव्हा वारस निजामशहा अवघा ८ वर्षांचा होता. राजमाता मखदूमा-ए-जहाँ नर्गिस बेगम यांनी महमूद गवान व ख्वाजा जहाँ तुर्क यांच्यासह कारभार सांभाळला. त्या दरबारात बसत नसत. माहबानू ही सेविका त्यांचे निरोप मंत्र्यांकडे नेई.
१४६२ मध्ये माळव्याच्या महमूद खिलजीने बीदरवर चढाई केली. बालराजाला घेऊन राजमाता भीमाकाठच्या फिरोजाबादला गेल्या. गुजरातच्या सुलतानाची मदत मिळाली आणि राज्य वाचले. पुढे धाकटा पुत्र महंमदशहा जाणता होताच त्या कारभारातून निवृत्त झाल्या.
गवान यांचा मदरसा बीदरमध्ये आजही त्यांची आठवण देतो. राजमातेची मसलत मात्र पडद्याआडच राहिली.