अपंगत्व व कुटुंब निवृत्तिवेतनाचे दावे : शहापूर-मुरबाड परिसरातील माजी सैनिक कुटुंबांच्या संदर्भात

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात निवृत्तिवेतनाचा कागद कसा वाचावा हे सांगणारा निवृत्त सुभेदार शेजारच्या आळीत भेटतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत लष्करी भरतीची एवढी दाट परंपरा नाही. येथील माजी सैनिकांची घरे गावोगावी, वाड्या-पाड्यांवर विखुरलेली आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्यास आहे. शहापूरकरास आसनगावहून लोकल तरी मिळते. मुरबाडला रेल्वे नसल्याने एस.टी.ने कल्याण आणि तेथून पुढे ठाणे, असा सबंध दिवस मोडतो. अशा परिस्थितीत इंग्रजी पत्र हाती आले की ते घेऊन मनुष्य बहुधा गावातील शिक्षकाकडे वा महाविद्यालयातील प्राध्यापकाकडे येतो. म्हणून या दाव्यांचे स्वरूप प्राध्यापकवर्गास ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

दाव्याचा गाभा

अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न दोन गोष्टींवर उभा असतो. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले अथवा सेवेमुळे बळावलेले असले पाहिजे, आणि वैद्यकीय मंडळाने त्याचे प्रमाण किमान २० टक्के ठरविलेले असले पाहिजे. लढाईतील जखमेविषयी सहसा वाद होत नाही. वाद होतो तो आजाराविषयी. फिट्स, रक्तदाब, मानसिक आजार अशा प्रकरणांत 'सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेने बळावलेलेही नाही' असा एका ओळीचा शेरा मंडळाच्या अहवालात असतो आणि त्या एका ओळीवर दावा फेटाळला जातो. पुष्कळ सैनिक हा निर्णय अंतिम समजून पत्र ट्रंकेत ठेवून देतात. तो अंतिम नसतो.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंह प्रकरणातील २०१३ चा निर्णय मूलभूत मानला जातो. १९८५ मध्ये भरती झालेल्या या शिपायास १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे, २० टक्के अपंगत्व ठरवून, सेवेतून मुक्त करण्यात आले होते. भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत आजाराचा उल्लेख नसेल, तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे. पुढे आजार झाल्यास त्याचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०१५ च्या राजबीर सिंह प्रकरणात हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. म्हणून पहिला कागद मिळवावयाचा तो मंडळाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत. फेटाळणीचे पत्र त्यासाठी पुरेसे नाही. सैनिकाच्या अभिलेख कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली ही प्रत मागता येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला आणि तोफखान्याचे नाशिक रोडला आहे.

मात्र या गृहीतकाला मर्यादा आहे. भातलावणीच्या दिवसांत रजेवर आलेला जवान शेतात वा मोटारसायकलवरून पडून जायबंदी होतो, हे या भागात घडू शकणारे उदाहरण आहे. रजा ही नियमाने सेवेत धरली जात असली, तरी अपघाताचा लष्करी सेवेशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रजेवरील स्कूटर अपघाताच्या प्रकरणात सांगितले आहे. अशा कुटुंबास खोटी आशा न दाखविणे हेही साहाय्यच होय.

रकमेचा हिशेब साधा आहे. १०० टक्के अपंगत्वास अपंगत्व घटक अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो व अपंगत्वाच्या प्रमाणात तो कमी होतो. वेतन ४०,००० रुपये असेल तर ३० टक्के अपंगत्वास ३,६०० रुपये. परंतु ५० टक्क्यांखालील प्रमाण ५० धरण्याची सवलत मिळाल्यास हीच रक्कम ६,००० होते. मुदतीपूर्वी वैद्यकीय कारणाने मुक्त झालेल्यांना मिळणारी ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू असल्याचे राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये ठरले. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवामुक्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. जुन्या प्रकरणांचा विचार जुन्या नियमांनीच करावयाचा असतो.

फेटाळणीनंतर सहा महिन्यांत पहिले अपील, त्यावर दुसरे अपील आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण असा मार्ग आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या व २००९ मध्ये कार्यरत झालेल्या या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईस आहे. उशीर झाला म्हणजे सारे संपले असे नव्हे. तरसेम सिंह यांना १९८३ मध्ये सेवामुक्त केले गेले व ते १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्क मान्य ठेवला, पण थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. ट्रंकेतील पत्राची किंमत अशी मोजावी लागते.

नावांचा घोळ

कुटुंब निवृत्तिवेतनाच्या दाव्यात कायद्यापेक्षा नावच अधिक अडते. सैनिकाने लग्नानंतर युनिटमध्ये दिलेल्या माहितीवरून 'भाग दोन आदेशा'त पत्नीचे नाव नोंदले जाते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. माहेरची ठकी सासरी लक्ष्मी होते, आधारपत्रावर लक्ष्मीबाई आणि बँकेत आणखी काही. लष्कराच्या दप्तरी ह्या तीन स्त्रिया ठरतात. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत गुरुजींनी घातलेली १ जून एका कागदावर, तर दुसऱ्यावर नुसते वर्ष. वयाच्या ८० व्या वर्षापासून कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. दप्तरी जन्मतारीखच नसेल तर ती वाढ अडून राहते. प्रतिज्ञापत्र, आवश्यक तेथे राजपत्रातील प्रसिद्धी आणि अभिलेख कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज, हा उपाय सैनिक हयात असताना सोपा असतो. त्याच्या मृत्यूनंतर त्याच कामाला वीरपत्नीस वा विधवेस वारस दाखल्यापासून प्रारंभ करावा लागतो.

निवृत्तिवेतनाचे दरही मृत्यूच्या कारणानुसार भिन्न आहेत. साधे कुटुंब निवृत्तिवेतन वेतनाच्या ३० टक्के, सेवेशी संबंधित मृत्यूनंतरचे विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के आणि युद्धातील वा दहशतवाद्यांच्या हल्ल्यातील मृत्यूनंतरचे उदारीकृत निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतके असते. त्यामुळे मंजुरीच्या आदेशावर कोणता प्रकार लिहिला आहे, हे प्रथम पाहावे. प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाकडून निघणारा हा आदेश आता 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून पाहता येतो. हयातीचा दाखलाही दरवर्षी तेथेच द्यावा लागतो. तो राहिला की रक्कम थांबते.

अपत्यांचे हक्क

महाविद्यालयाशी थेट संबंध येतो तो येथे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आहे, परंतु ती व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांना मिळते. बी.ए. वा बी.कॉम.च्या विद्यार्थ्यास ती मिळत नाही, आणि ग्रामीण महाविद्यालयात असेच विद्यार्थी अधिक असतात. त्यांना तिचा अर्ज भरावयास लावू नये. आई-वडील दोघेही नसलेल्या पाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, विवाह वा निर्धारित उत्पन्न होईपर्यंत मिळू शकते. अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलीस काही अटींवर त्यापुढेही ते मिळते, ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत असते. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपंग अपत्यास ते आजन्म मिळते. अशा अपत्याची नोंद व वैद्यकीय प्रमाणपत्र सैनिकाने आपल्या हयातीतच अभिलेख कार्यालयात दाखल केलेले असल्यास पुढे त्या अपत्यास स्वतः हेलपाटे घालावे लागत नाहीत.