दूध लवकर तोडलं तर पोटात काय घडतं?

बाळाचं अंगावरचं दूध कधी तोडावं, यावर आपल्या प्रत्येक घरात दोन मतं असतात. सासू म्हणते, दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. सिस्टर म्हणते, सहा महिने पाणीसुद्धा नको. आम्ही या वेळी बाळाबद्दल नाही, उंदराच्या पिल्लांबद्दल सांगणार आहोत. कारण दूध तुटल्यावर पोटाच्या आत काय घडतं, हे पिल्लांमध्ये पेशी मोजून पाहिलं गेलं आहे.

ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे काम अनेक वर्षं केलं. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं पिल्लू पहिले दोन आठवडे फक्त आईच्या दुधावर असतं. मग ते हळूहळू दाणा कुरतडू लागतं आणि साधारण तीन आठवड्यांनंतर दूध सुटतं. संशोधकांनी काही पिल्लं पंधराव्या दिवशीच आईपासून वेगळी करून ओल्या खाद्यावर ठेवली. त्यांची भावंडं आईजवळच राहिली. थोड्याच दिवसांत दोन्हींच्या जठराचं अस्तर तपासलं.

दूध तुटलेल्या पिल्लांच्या जठरात पेशी जास्त वेगाने विभागत होत्या. ऐकायला बरं वाटतं, पोट लवकर वाढलं! पण ही वाढ वेळेआधीची होती. पचनाचा रस बनवणाऱ्या पेशीही घाईने तयार झाल्या. कच्चा आंबा अढीत घालून पिकवावा, तसा हा प्रकार.

असं का होतं? आईच्या दुधात नुसतं पोषण नसतं. पेशींना ‘वाढा’ सांगणारे घटक त्यात असतात, तसे ‘थांबा’ सांगणारेही असतात. टीजीएफ-बीटा हा असा आवर घालणारा घटक. दूध तुटलं की तो आवर सैल पडतो. शिवाय आई दुरावल्यामुळे पिल्लाच्या रक्तात ताणाचं संप्रेरक वाढतं आणि तेही जठराला घाई करायला लावतं. पिल्लं मोठी झाल्यावरसुद्धा यातले काही फरक त्यांच्या जठरात टिकून होते.

आता, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आपलं बाळ जन्मतःच उंदराच्या पिल्लापेक्षा पुष्कळ तयार पोट घेऊन येतं. म्हणून ज्या आईचं दूध लवकर सुटलं, तिने हे वाचून धसका घेऊ नये. पण सहा महिने फक्त अंगावरचं आणि पुढे घरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो बाळांच्या अनुभवावरून दिलेला आहे, उंदरांच्या नव्हे.

वस्तीत दूध तुटतं ते बहुतेक वेळा कामामुळे. बाळंतपणातल्या पगारी रजेसाठी बाबासाहेब 1928 साली मुंबई कायदेमंडळात बोलले होते आणि 1929 साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आज कायद्यात 26 आठवडे आहेत, पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते कोण देणार?

तिने निघण्याआधी हात साबणाने धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढून झाकून ठेवावं. थंड जागी ते साधारण चार तास राहतं, भर उन्हाळ्यात त्याआधीच द्यावं. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावं, बाटलीने नाही. आणि घरी आल्यावर, रात्रीही, बाळाला अंगावर घेत राहावं. म्हणजे दूध आटत नाही.