शाळेतील मत्स्यपेटी व पाण्याचे उष्णतामान

काचेची एक पेटी, तळाशी धुतलेली वाळू, चार पाणवनस्पती आणि पाच-सहा मासे एवढ्या सामग्रीवर निसर्गनिरीक्षणाचा पाठ वर्षभर चालू शकतो. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुलांच्या कित्येक पिढ्यांना काचेपलीकडील जलजीवन दाखविले. खेड्यातील शाळेस तेवढ्या पसाऱ्याची गरज नाही. तथापि लहान पेटीची एक अडचण मोठ्या मत्स्यालयाहूनही बिकट असते. वसई तालुक्यासारख्या किनारी भागात मार्च महिना उजाडला की पेटीतील मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि दोन-चार दिवसांत एकेक करून दगावतात. मुलांना वाटते, मासे उपाशी आहेत. ती अधिक खाद्य घालतात, त्याने पाणी नासते आणि उरलेले मासेही मरतात. अशा वेळी पहिली शंका पाण्याच्या उष्णतामानाची घ्यावी. ते कसे आवरावे याचे ज्ञान शिक्षकास असेल, तर ही हानी बव्हंशी टाळता येते.

बावखल आणि पेटी

वसईच्या वाड्यांतून पूर्वजांनी खणलेली बावखले मुलांच्या परिचयाची आहेत. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, रहाटाने ते उपसून केळी, पानवेली व भाजीपाला शिंपला जाई. अशा बावखलात वैशाखातही मासे सुखाने राहतात, याची कारणे तीन. एक, पाणी पुष्कळ असल्याने ते सावकाश तापते व सावकाशच निवते. दुसरे, काठच्या झाडांची सावली. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. दुपारी वरचा थर तापला तरी खालचा थर थंड राहतो आणि मासा खाली जाऊ शकतो.

पेटीत यांपैकी काहीच नसते. पाणी ४० लिटर, चारही बाजूंनी काच आणि खोली जेमतेम एक वीत. हवा तापली की काही तासांत सगळे पाणी वरपासून तळापर्यंत तापते. बावखलातील मासा आपली सोय आपण पाहतो. पेटीतील माशाची सोय पेटी ठेवणाऱ्यानेच पाहिली पाहिजे.

उष्णतेने माशास काय होते?

मनुष्याचे शरीर बाहेर थंडी असो वा ऊन असो, सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्णतामान राखते. बहुतेक माशांचे तसे नाही. जे पाण्याचे उष्णतामान तेच त्यांच्या शरीराचे. पाणी तापले की त्यांच्या शरीरातील सर्व व्यापार वेगाने चालतात. दहा अंश वाढीमागे हा वेग साधारणपणे दुप्पट होतो, म्हणून प्राणवायूची गरजही वाढते.

नेमक्या याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. हवेच्या संपर्कातील एक लिटर गोड्या पाण्यात २० अंशांस सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो सुमारे ७.६ मिलिग्रॅम व ३५ अंशांस सुमारे ६.९ मिलिग्रॅम एवढाच राहतो. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो. पृष्ठभागाचे पाणी हवेला लागून असते, म्हणून मासा तेथे येऊन धापा टाकतो. हे भुकेचे नव्हे, गुदमरण्याचे लक्षण होय. शिवाय माशांच्या उत्सर्गातील अमोनिया उष्ण पाण्यात अधिक घातक ठरतो, हेही लक्षात ठेवावे.

एकाएकी होणारा बदलही तितकाच वाईट. पाणी आठवडाभरात ३ अंशांनी चढले तर मासा सरावतो, परंतु पाच मिनिटांत तितकेच उतरले तर तो आजारी पडतो. म्हणून तापलेल्या पेटीत माठातील गार पाणी ओतण्याची कळकळीची चूक मुलांना करू देऊ नये.

स्थानिक हवामानाचा विचार

वसईस जानेवारीच्या पहाटे हवेचा पारा कधी १६-१७ अंशांपर्यंत उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचे कोरडे वारे सुटतात व समुद्रावरील वारा उशिरा येतो, तेव्हा दुपारी तो ३७-३८ अंशांवर चढतो. मे महिन्यात कमाल उष्णतामान त्या मानाने कमी असते, परंतु हवा दमट असून रात्रही उष्ण असते, त्यामुळे पाण्याला निवण्यास अवसर मिळत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात मात्र हिवाळ्यातील थंडीची चिंता अधिक करावी लागते.

यास्तव मासे निवडतानाच विचार करावा. शोभेचा सोनमासा थंड पाण्यातील असून त्यास १८ ते २४ अंश मानवतात. किनाऱ्यावरील उन्हाळा त्यास सोसत नाही, गोल काचपात्रात तर मुळीच नाही. गप्पी मासे काटक असतात. त्यांस २२ ते २८ अंश उत्तम, आणि थोडे अधिक-उणे ते सहन करतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग ते पाळतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची चौकशी करावी. मात्र हे मासे मूळचे परदेशी आहेत. सुट्टीत नकोसे झाले म्हणून ते ओढ्यात वा बावखलात सोडू नयेत.

उपाययोजना

पहिला उपाय जागेचा. पेटी पश्चिमेच्या खिडकीपाशी अथवा पत्र्याच्या छपराखाली उंच कपाटावर ठेवू नये. फरशीलगत बुटक्या, मजबूत चौरंगावर, उत्तरेकडील भिंतीजवळ ठेवावी. खालची हवा तुलनेने थंड असते.

दुसरा उपाय बाष्पीभवनाचा. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते तोच नियम येथे लागू पडतो. काचेचे झाकण काढून जाळी बसवावी. पेटीच्या मागील व दोन्ही बाजूंस जाड सुती कापड गुंडाळून त्याची टोके पाण्याच्या परातीत सोडावीत, म्हणजे कापड ओले राहते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. ४० लिटर पाणी एक अंशाने निवविण्यास ४०,००० कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे हिशेबाने सुमारे ७० ग्रॅम, अर्ध्या पेल्याहूनही कमी पाणी उडाले तरी पुरे. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येतच राहते, आणि उडणाऱ्या पाण्याची सगळी उष्णता पेटीतूनच येते असेही नाही, म्हणून परिणाम कमी दिसतो. दमट मे महिन्यात तो आणखी कमी होतो. कोरड्या मार्चमध्ये हा उपाय चांगला लागू पडतो.

तिसरा उपाय थोडे पाणी बदलण्याचा. पेटीत ३२ अंशांचे ३२ लिटर पाणी ठेवून त्यात २७ अंशांचे ८ लिटर मिळविल्यास मिश्रण ३१ अंशांचे होते. एवढा उतार सुरक्षित. हे पाणी हळूहळू, पातळ धारेने घालावे, धारेबरोबर प्राणवायूही मिसळतो. नळाचे पाणी असल्यास एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन जाऊ द्यावा.

बर्फ हा शेवटचा उपाय. एक किलो बर्फ वितळताना ४० लिटर पाण्याचे उष्णतामान सुमारे २ अंशांनी उतरवू शकतो. अर्नाळा वा पाचूबंदर येथे मासळीसाठी येणारा बर्फ सुलभ असला तरी तो थेट पाण्यात टाकू नये. घट्ट बांधलेल्या पिशवीत थोडा थोडा घालून पिशवी पाण्यावर तरंगत ठेवावी. मासे धापा टाकत असतील तर खाद्य लगेच बंद करावे, आणि वीज नसल्यास पेल्याने पाणी उचलून वरून सोडीत राहावे.

हिवाळ्यात रात्री पेटीभोवती घोंगडी गुंडाळणे बहुधा पुरते. पाणी तापविण्याचे विजेचे उपकरण किनारी शाळांस सहसा लागत नाही. मुलांचे ओले हात व वीज यांचा संबंध येऊ न देणे हेच शहाणपणाचे.

वर्गातील मापन

पेटीसाठी लाल मद्यार्काचा प्रयोगशाळेतील उष्णतामापक वापरावा. ज्वरमापक येथे निरुपयोगी आहे, आणि पाऱ्याची नळी फुटल्यास सर्व पाणी विषारी होते. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत व शाळा सुटताना मुलांनी तीन नोंदी घ्याव्यात: सावलीतील हवेची, पेटीतील पाण्याची, आणि विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्याची. महिन्याने सहावी-सातवीच्या मुलांनी सरासरी काढून आलेख काढावा. हवेची रेषा उंच-सखल, पेटीची तिच्यामागून जाणारी आणि विहिरीची जवळजवळ सरळ, असे चित्र दिसेल. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात गार का लागते, याचे उत्तर मुले स्वतः शोधतील. पाणी बदलत नाही, भोवतालची हवा बदलते.

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ आणि उन्हाळ्याची सुट्टी हे पेटीचे खरे धोक्याचे काळ. त्यासाठी पाळी लावावी, आणि दीर्घ सुट्टीत मासे एखाद्या जबाबदार घरी सावलीतील मोठ्या हौदात ठेवावेत. मासा मेल्यास तो गुपचूप फेकून न देता नोंदवही उघडून त्या दिवसाचा आकडा मुलांसह पाहावा. ज्या मुलाने आपल्या हाताने हा आकडा लिहिलेला असेल, त्यास उद्या वाडीतील बावखल बुजविले जाताना, तेथून नेमके काय नाहीसे होत आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.