मोठेपणी स्वमग्नतेचे निदान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात वेगळेपणा आहे. तो बालपणी दिसू लागतो आणि आयुष्यभर सोबत राहतो. तरीही 'हा लहान मुलांचा आजार' ही समजूत पक्की आहे, कारण त्याचे पहिले गाजलेले वर्णन मुलांचेच होते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट पुढे पदवीधर झाला, आपल्या गावातल्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. स्वमग्न माणूस म्हणून त्याने जी वर्षे काढली, त्यांतली बहुतेक प्रौढपणाची होती. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रौढांची पाहणी झाली. तीत हजारी सुमारे दहा माणसे स्वमग्न आढळली आणि वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण घटत असल्याचे दिसले नाही.

'पस्तिशीत अचानक कसे काय झाले?' हा प्रश्न घरोघरी येतो. वस्तुस्थिती अशी की पस्तिशीत काहीही झालेले नसते. असलेली गोष्ट तेव्हा ओळखली जाते. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिले आहे. लक्षणे बालपणापासूनची असावी लागतात, पण भोवतालच्या अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पुरती उघड होतीलच असे नाही. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत हे समजायला सोपे जाते. गल्ली तीच, दुकानदार तोच, शाळेची वाट ठरलेली. पाहुण्यांशी बोलायला आई आणि चुलतभावंडे पुढे. मुलगा 'घुम्या' किंवा 'एकलकोंडा' म्हणवला जातो, पण त्याचे निभावते. मग गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी सुरू होते किंवा पुण्याला खोली घेऊन राहावे लागते. लग्न होते, घरात तान्हे मूल येते. रोजचा ठरलेला क्रम मोडतो. साहेबाच्या अर्धवट सूचनेतून त्याला नेमके काय हवे आहे, ते ओळखणे अपेक्षित असते. गणेशोत्सवात तालमीच्या मंडपातले स्पीकर दिवसभर दणाणत असतात. इतरांना ती मजा वाटते, पण याला डोके फुटेल असे वाटते, मळमळते, जेवण जात नाही. आवाज, उजेड, वास, कापडाचा स्पर्श यांची अशी तीव्र जाणीव हा निदानाच्या निकषांपैकीच एक आहे. त्याला नखरे म्हणणे हा अन्याय आहे.

'नोकरी करतो, नजरेला नजर देतो, संसार आहे, मग स्वमग्न कसा?' ही दुसरी ठाम समजूत. अनेक माणसे वर्षानुवर्षे निरीक्षण करून लोकांत वागायच्या रीती पाठ करतात. समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहायचे, 'जेवण झालं का?' असे आपणहून विचारायचे, सगळे हसले की हसायचे. हळदीकुंकवाला जाण्याआधी काय बोलायचे याची मनात उजळणी करून जाणारी, घरी परतल्यावर दार लावून अंधारात तासभर पडून राहणारी बाई कोणाला 'तसली' वाटत नाही. या मुखवट्याची किंमत थकवा, चिंता आणि नैराश्य यांच्या रूपाने मोजावी लागते. मुलींवर असे वागण्याचा दाब जास्त असतो, आणि त्या निदानातून सुटण्याचे हे एक मोठे कारण आहे. पुरुषांचे प्रमाण चौपट असल्याचे पूर्वी सांगत. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ते तिपटीच्या आसपास निघाले.

चित्रपटांनीही चित्र एकांगी केले आहे. 'रेन मॅन'मुळे स्वमग्न म्हणजे आकड्यांचा जादूगार अशी कल्पना रुजली. असामान्य कसब थोड्यांकडेच असते. उलट, स्वमग्नता म्हणजे मतिमंदत्व हेही खरे नाही. बौद्धिक अक्षमता सोबत असू शकते, पण अनेकांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून वरची असते. प्रौढपणी निदानासाठी येणाऱ्यांत ही माणसे पुष्कळ असतात.

निदान होते कसे, याबद्दल सर्वांत जास्त गोंधळ आहे. रक्ताची तपासणी, एमआरआय किंवा मेंदूचा आलेख यांतून स्वमग्नता ठरत नाही. मोबाइलवर भरलेल्या प्रश्नावलीतूनही ठरत नाही. केंब्रिजच्या संशोधकांची २००१ मधली पन्नास प्रश्नांची एक्यू ही प्रश्नावली लोकप्रिय आहे, पण तिचा गुणांक फार तर पुढची तपासणी करावी की नाही एवढेच सांगतो. चिंतेने ग्रासलेल्या माणसाचे गुणही तीत वर जाऊ शकतात. खरे निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखतीतून करतात. त्यासाठी बहुधा एकाहून अधिक बैठका लागतात.

या मुलाखतीचा गाभा म्हणजे बालपणाचा इतिहास. म्हणून शक्य असेल तर आईला, मावशीला किंवा थोरल्या भावंडाला सोबत नेतात. 'लहानपणी कसा होता?' असे मोघम विचारले तर उत्तर येते, 'लई शहाणा होता ओ, कधी तरास दिला न्हाई.' म्हणून तज्ज्ञ बारीक विचारतात. पहिले शब्द कधी आले? हवी ती वस्तू बोटाने दाखवायचा, की तुमचा हात धरून तिकडे न्यायचा? खेळातल्या गाड्या पळवायचा की रांगेत लावायचा? जेवणात भाताला आमटी लागली तर काय व्हायचे? जुनी प्रगतिपुस्तके इथे फार उपयोगी पडतात. 'अभ्यासात हुशार, वर्गात मिसळत नाही' असा शिक्षकांचा एका ओळीचा शेरा तीस वर्षांनी पुरावा ठरतो. आईवडील हयात नसले तरी निदान अशक्य होत नाही, फक्त अवघड होते.

दुसरे काम असते इतर शक्यता तपासण्याचे. लोकांत बोलण्याची भीती, मंत्रचळ, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता), नैराश्य, बालपणीचा आघात, कमी ऐकू येणे यांतूनही वरकरणी तसेच चित्र दिसते. शिवाय यांतल्या गोष्टी स्वमग्नतेबरोबर एकत्रही असतात. एडीएचडी आणि स्वमग्नता यांचे निदान एकाच व्यक्तीत करण्याची मुभा डीएसएममध्ये २०१३ पासूनच आली. आणि त्रासाचे कारण दुसरेच निघाले, तर 'तुम्हाला स्वमग्नता नाही' हेही चांगल्या तपासणीचे उपयुक्त उत्तर असू शकते. स्किझोफ्रेनियाशी मात्र गल्लत करू नये. त्यातले भास आणि भ्रम हे स्वमग्नतेचे लक्षण नव्हे.

निदान आणि दिव्यांग प्रमाणपत्र एकच, असेही समजले जाते. निदान खासगी तज्ज्ञही देऊ शकतात. प्रमाणपत्र मात्र सरकारने अधिकार दिलेली वैद्यकीय यंत्रणाच देते. मंगळवार पेठेतल्या माणसाला त्यासाठी लांब जावे लागत नाही. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, शहराच्या मध्यातच आहे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. अर्ज यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. मोजमापासाठी 'इसा' ही भारतीय श्रेणी वापरतात. तीत चाळीस बाबी आहेत आणि गुण ४० ते २०० असतात. ७० च्या खाली स्वमग्नता धरली जात नाही. तिच्यातल्या बऱ्याच बाबी उघड दिसणाऱ्या वर्तनावर बेतलेल्या असल्याने मुखवटा सांभाळणाऱ्या प्रौढाचे गुण कमी भरू शकतात. अशा वेळी प्रमाणपत्र नाकारले गेले, तरी तेवढ्यावरून निदान खोटे ठरत नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले तर सरकारी नोकरी आणि उच्च शिक्षणातल्या आरक्षणाचा लाभ घेता येतो. अनेकांना भीती असते ती उलटीच : कागद झाला की बँकेतली सही, वडिलोपार्जित घरातला वाटा, व्यवहाराचा अधिकार जाईल. तसे होत नाही. याच कायद्याचे तेरावे कलम मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क मान्य करते. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाची तरतूद आहे, पण ती अर्ज आणि चौकशीनंतरच लागू होते, निदानाने आपोआप नव्हे. निदान गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. कार्यालयात किंवा सोयरिकीच्या बैठकीत ते कधी आणि कोणाला सांगायचे, हे त्या व्यक्तीने ठरवायचे.

कारणांबद्दल थोडक्यात. आईच्या मायेच्या अभावाने स्वमग्नता होते, हा सिद्धांत कधीच मोडीत निघाला आहे. लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसतो. म्हणूनच मुलाचे निदान होत असताना बापाला स्वतःची ओळख पटणे, हा प्रौढांना तज्ज्ञापर्यंत आणणारा एक नेहमीचा रस्ता आहे.

उरतो तो 'औषध नाही तर निदान कशाला?' हा प्रश्न. स्वमग्नता घालवणारे औषध नाही, हे खरे. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच तो उपचार स्वमग्नतेसाठी न वापरण्याची शिफारस केली आहे. पण सोबतची चिंता, निद्रानाश आणि नैराश्य यांवर उपचार आहेत, आणि मूळ जडणघडण माहीत असली की ते नीट बेतता येतात. कामाच्या सूचना लेखी घेणे, बसायची जागा यंत्राच्या आवाजापासून लांब मागणे, लग्नसमारंभात तासाभरासाठीच जायचे असे घरात आधीच ठरवणे, हे बदल स्वस्त आहेत आणि दिवस सुसह्य करतात. तज्ज्ञाकडे जाण्याआधी आपल्या भाषेत कोणाशी बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे.