उभी ठेवून गाडी जपली जात नाही

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला दर ऑगस्टमध्ये गोल्फच्या मैदानावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरतं. या छंदात त्याहून मोठा मान नाही. तिथे पहिली येणारी गाडी शोरूममधून आत्ताच बाहेर पडल्यासारखी लखलखीत असणार, असं कोणीही गृहीत धरेल, आणि वर्षानुवर्षं तसंच घडतही आलं. 2024 मध्ये मात्र सर्वोत्कृष्ट ठरली ती 1934 ची, रंग झिजलेली बुगाटी टाइप 59. ग्रां प्री शर्यतीत धावलेली ही गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली. त्यांच्या वेळचा काळा रंग अजून तिच्या अंगावर आहे. नवं काही न चढवता आहे तशा राखलेल्या गाड्यांचा तिथे वेगळा वर्ग असतो. त्या वर्गातल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

जुनी गाडी पळवावी की मिरवावी, या वादात दोन्ही बाजू ठाम असतात. पळवणाऱ्यांच्या लेखी दुसरे लोक गाड्यांची शोकेस करतात, तर मिरवणाऱ्यांच्या लेखी पहिले लोक गाड्यांची वाट लावतात. दोघांचंही बरंचसं म्हणणं ऐकीव गोष्टींवर उभं आहे, म्हणून एकेक समज तपासून बघू.

गैरसमज: प्रदर्शन आणि रस्ता यांचा एकमेकांशी संबंध नाही

पेबल बीचचं प्रदर्शन 1950 मध्ये सुरू झालं तेच मुळी एका शर्यतीच्या जोडीला. मुख्य आकर्षण शर्यत होती. ती पाइनच्या झाडांमधल्या रस्त्यांवर व्हायची. 1956 मध्ये एका चालकाची गाडी झाडावर आदळून तो गेला, त्यानंतर तिथल्या शर्यती थांबल्या आणि पुढच्या वर्षी जवळच्या लगुना सेकाच्या ट्रॅकवर गेल्या. प्रदर्शन तेवढं जागेवर राहिलं. आजही प्रदर्शनाच्या आधी गाड्यांची 100 हून अधिक किलोमीटरची रस्त्यावरची फेरी असते. एखाद्या वर्गात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर ही फेरी पुरी केलेली गाडी वर जाते. म्हणजे जगातलं सगळ्यात नखरेल प्रदर्शनसुद्धा चालणाऱ्या गाडीच्या बाजूनं कौल देतं.

गैरसमज: कमी चालवली की जास्त टिकते

हा समज सगळ्यात पक्का आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान करणाराही. गाडी वापरानं झिजते हे खरंच आहे. पण उभी राहून ती सडते, आणि सडणं झिजण्यापेक्षा महाग पडतं.

ब्रेकचंच घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोऱ्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. मग घाटात ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते आणि पेडल भसकन खाली जातं. हेच पाणी आतून गंजही धरवतं. तीन-चार वर्षं न हललेल्या गाडीचा ड्रम उतरवून व्हील सिलिंडरचं रबर मागे सारून पाहावं. आत तपकिरी लगदा असतो आणि पिस्टन बोटानं ढकलला तर हलत नाही. बाहेर त्याच चाकाची क्रोमची टोपी झळाळत असते. गाडी उत्तम स्थितीत आहे, असं मालक मनापासून सांगत असतो.

बाकीच्या भागांचंही तसंच. ऑइल सील ओले असेपर्यंत मऊ राहतात, सुकले की कडक होऊन गळू लागतात. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, त्याला कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळाही पुरतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि जेट बुजवणारा चिकट थर मागे ठेवतं. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, आणि ओलावा फार झाला की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टाकी आतून गंजते. इथेनॉलचा विचार न करता बनवलेले जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. भरल्या टाकीनं वर्षभर उभी राहिलेली गाडी आणि महिन्याला एक टाकी जाळणारी गाडी यांत या पेट्रोलचा त्रास कोणाला जास्त, हे वेगळं सांगायला नको.

मुंबईकरांनी याचा पुरावा रोज पाहिला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून 20 वर्षांच्या परवानगीपर्यंत रोज धावायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाड्यांना कोणी कव्हर घालून जपलं नव्हतं. त्यांना वेळेवर ऑइल, ग्रीस आणि एक ओळखीचा मेकॅनिक मिळत होता, एवढंच.

गैरसमज: आठवड्यातून पाच मिनिटं चालू केली की पुरे

याहून ती बंद ठेवलेली बरी. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड इंजिनात त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं, काही सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून खातं. चोक ओढलेला असतो, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइलही धुऊन नेतं. अशा गाडीच्या ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळट, फेसाळ साय चिकटलेली दिसते. पाण्याच्या काट्यावर विसंबू नये. पाणी लवकर तापतं, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवणं हे रोजच्या घरघरीपेक्षा कितीतरी उपयोगाचं.

गैरसमज: म्हातारी गाडी हळूहळू, टॉप गिअरमध्येच न्यावी

हळू चालवायला हरकत नाही, टॉप गिअरला आहे. चढावर तीसच्या वेगात टॉप गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन थरथरतं. त्या कमी फेऱ्यांत बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ असतो आणि दाब मात्र पुरा येतो. 1920-30 च्या दशकांतल्या पुष्कळ इंजिनांत मऊ पांढऱ्या धातूची ओतीव बेअरिंग आहेत. ती अशानंच ठोकून निघतात. गिअर खाली घेऊन इंजिनाला मोकळं फिरू दिलं तर आवाज वाढतो, पण भार हलका होतो. ऐकायला उलट वाटेल, पण या बाबतीत पळवणाऱ्यांचं बरोबर आहे.

गैरसमज: शर्यतीची गाडी आहे, हाणली तरी चालते

इथे मात्र त्यांचं चुकतं. स्टर्लिंग मॉसनी 1955 ची मिल्ले मिल्या मर्सिडीज 300 एसएलआरमधून जिंकली, तेव्हा इटलीच्या सुमारे 1,600 किलोमीटर रस्त्यांवर त्यांचा सरासरी वेग ताशी 157 किलोमीटरच्या वर होता. पण ती गाडी तेव्हा नवी होती आणि तिच्यामागे अख्खा कारखाना उभा होता. 1957 च्या भीषण अपघातानंतर ती वेगाची शर्यत कायमची बंद झाली. 1977 पासून त्याच नावानं जे होतं त्यात ठरवून दिलेली वेळ अचूक साधायची असते, इतरांच्या पुढे पळायचं नसतं. इंग्लंडमधल्या गुडवुड रिव्हायव्हलमध्ये 1998 पासून जुन्या गाड्या खरोखर शर्यत खेळतात आणि आदळतातही. त्यामुळे ऐतिहासिक शर्यतींतले जाणते मालक पुष्कळदा मूळ इंजिन काढून सांभाळून ठेवतात आणि नव्यानं ओतलेल्या ब्लॉकवर शर्यत खेळतात.

जोरात चालवण्याला माझी हरकत नाही. तयारीशिवाय चालवण्याला आहे. स्टिअरिंगच्या दांड्यांत आणि स्टब ॲक्सलमध्ये सत्तर वर्षांच्या थकव्याच्या बारीक चिरा असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, तपासून घ्याव्या लागतात. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं कडक होतं, दहा वर्षांवरचा टायर वेगासाठी वापरूच नये. भारतात 2000 मध्ये शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं. त्या शिशावर अनेक जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट तगून होत्या. तासन् तास जोरात पळवायचं असेल तर हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. आणि थंड इंजिन रेस करणं कोणत्याही काळातल्या गाडीला वाईटच.

गैरसमज: संपूर्ण नवी केली की गाडी 'ओरिजिनल' होते

होतं नेमकं उलटं. डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं मूळ रंग एकदा खरवडला की तो जगातली कुठलीही तिजोरी रिकामी करून परत आणता येत नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं, ब्रेक नवे घालता येतात, पण कारखान्यातल्या माणसाच्या हातची शिवण, आतल्या पत्र्यावर खडूनं लिहिलेला नंबर, हे एकदा गेलं की गेलं. म्हणून माझ्या मते झिजणारे भाग बिनधास्त झिजू द्यावेत, बदलावेत. हात आखडता घ्यावा तो चमकवताना.

अस्सलपणाचा हा प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या न्यायालयातही गेला होता. 1929 आणि 1930 ची ले मां शर्यत जिंकणारी बेंटली 'ओल्ड नंबर वन' विकली गेली आणि ती अस्सल नाही, असा वाद उभा राहिला. वापरात आणि अपघातात तिचे बहुतेक भाग बदलले होते. 1929 चं तिच्यात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरी न्यायाधीशांनी तीच खरी गाडी ठरवली, कारण तिच्या इतिहासाची साखळी कुठेही तुटलेली नव्हती. चालत राहणं, मोडणं, दुरुस्त होणं, हे सगळं त्या इतिहासातच आलं.

आपल्याकडे कोल्हापूरला दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मंडळी राजाराम महाराजांच्या काळातल्या मेबॅकमधून दसरा चौकात येतात. गर्दीतून गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत येते, आणि तिच्याकडे बघणाऱ्यांत गाड्यांमधलं काही न कळणारेच जास्त असतात. संग्रहालयातल्या दोरीपलीकडे उभ्या गाडीला हे भाग्य नाही.

गैरसमज: कायद्यानं या गाड्या रस्त्यावर आणताच येत नाहीत

जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुढच्या वेळी 5,000. या नंबरावर रोजचा किंवा व्यावसायिक वापर चालत नाही. पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी गाडी बाहेर काढता येते.

पावसाळा संपला की पहिल्या फेरीआधी चारही ड्रम उतरवून बघावेत, ब्रेक ऑइल पूर्ण बदलावं, जुनं पेट्रोल काढून ताजं भरावं. मग पहिले दहा किलोमीटर खालच्या गिअरमध्ये शांतपणे न्यावी. ऑइल तापल्यावर, रस्ता मोकळा असेल तर, तिला तिच्या काळातल्या वेगापर्यंत जाऊ द्यावं.