हाडांची कमाई शाळेच्या मैदानावर

टेनिसपटूच्या दोन हातांची हाडे सारखी नसतात. रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड अधिक भरीव असते. शरीर तेच, आहार तोच; फरक फक्त भाराचा. पाळी सुरू होईपर्यंत खेळायला लागलेल्या मुलींमध्ये हा फरक उशिरा सुरुवात केलेल्यांच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त आढळला आहे.

आपल्याकडे नेमकी याच वयात, सातवी-आठवीत, मुलींची लंगडी आणि खो-खो सुटते. ‘आता मोठी झालीस’ म्हणून, नाहीतर क्लासमुळे. प्रौढ हाडांतील सुमारे पाव हिस्सा खनिज उंची झपाट्याने वाढण्याच्या दोनेक वर्षांत साठते. तिशीपर्यंत साठवण संपते, पुढे खर्चच. रजोनिवृत्तीनंतरच्या ५ ते ७ वर्षांत तर २० टक्क्यांपर्यंत हाड झिजू शकते.

मग पन्नाशीत व्यायाम कशासाठी? झीज मंदावते म्हणून. पण नुसते रमतगमत फिरणे पुरत नाही. पोहणे हृदयाला उत्तम, हाडांना मात्र फारसे नाही, कारण शरीराचा भार पाणीच पेलते. जिने चढावेत, हात न टेकता खुर्चीतून उठावे, वजने उचलावीत आणि ती हळूहळू वाढवावीत.

साठीनंतर खरा प्रश्न तोलाचा. खुब्याचे हाड बहुतेकदा पडल्यामुळेच मोडते. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभे राहता येते. मणका दबलेला असेल, तर पुढे वाकण्याचे व्यायाम आणि उड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.