७,४०० पौंडांची रेघ

ब्रॅडफर्ड : लोकरीच्या गिरण्यांवर मोठं झालेलं हे यॉर्कशरमधलं शहर. १९०७ साली इथल्या ग्रीन लेन शाळेत एक प्रयोग झाला. अगदी गरीब घरांतली चाळीसेक मुलं निवडली गेली. सकाळी ओटची लापशी आणि पाव, दुपारी गरम जेवण. टेबलांवर स्वच्छ कापड अंथरलेलं, वाढायला वरच्या वर्गातल्या मुली. पोरांचे कपडे इतके मळलेले असत, की थोड्याच दिवसांत टेबलांवरची कापडं काळी पडली. शहराच्या शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली या मुलांचं वजन करत होते. जेवण सुरू झालं तसं वजन वाढलं. मध्ये व्हिटसन सणाची सुट्टी आली, जेवण थांबलं आणि वजन उतरलं. शाळा पुन्हा भरली तसं परत चढलं. आज कोणाला यात नवल वाटणार नाही, पण गरीब मुलं आळशी आणि मंद असतात हे तेव्हा भल्याभल्यांनी गृहीत धरलेलं होतं. क्राउलींनी त्यांच्यापुढे आकडेच ठेवले.

या प्रयोगामागे मार्गारेट मॅकमिलन यांची बरीच वर्षांची धडपड होती. १८९४ साली त्या ब्रॅडफर्डच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. आंघोळीवाचून शाळेत येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळेतच न्हाणीघर आणि पोहण्याचा तलाव बांधून घेतला. त्यांचा मुद्दा सरळ होता. मुलांनी शाळेत आलंच पाहिजे अशी सक्ती सरकार करतं, तर उपाशी पोराला शिकवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे हेही सरकारनंच ओळखायला हवं. मजूर पक्षाच्या नव्या खासदारांनी रेटा लावला आणि १९०६ मध्ये शालेय जेवणाचा कायदा झाला. पण कायद्याने नगरपालिकांना जेवण देण्याची फक्त मुभा दिली होती, सक्ती नव्हे. ती यायला १९४४ साल उजाडावं लागलं.

त्या प्रयोगाला शंभराहून अधिक वर्षं झाली. २०२५ मध्ये ब्रॅडफर्डने ब्रिटनचं सांस्कृतिक शहर म्हणून वर्षभर मिरवून घेतलं. मात्र इथल्या बालदारिद्र्याचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा आजही बरंच जास्त आहे, आणि सरासरी तरी कुठे समाधानाची आहे? घरभाडं वजा जाता मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी पैशात भागवणाऱ्या घरातलं मूल ब्रिटिश सरकारच्या व्याख्येनुसार गरीब ठरतं. या मापाने २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ४५ लाख मुलं गरीब होती, म्हणजे दर १०० मुलांमागे ३१. त्यांतल्या दहापैकी सात मुलांच्या घरात कोणी ना कोणी कामावर जातं. गरीब म्हणजे रिकामटेकडा हा समज इथेही घट्ट रुजलेला आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगायचा.

मराठी वाचकाला पडणारा पहिला प्रश्न असा असेल : शाळा फुकट, पुस्तकं फुकट, डॉक्टर फुकट, मग अडतं कुठे? अडतं ते किरकोळ वाटणाऱ्या खर्चांपाशी. शाळेचं बोधचिन्ह असलेला ब्लेझर ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागतो. सहलीची वर्गणी असते, बसभाडं असतं, गृहपाठासाठी घरी इंटरनेट लागतं. गणवेशाचा खर्च आवाक्यात राहावा म्हणून २०२१ मध्ये संसदेला कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावं. घराचा प्रश्न तर याहून बिकट. इंग्लंडमध्ये दीड लाखाहून जास्त मुलं नगरपालिकेने दिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात. कधी हॉटेलची एक खोली, कधी गावाच्या दुसऱ्या टोकाचा फ्लॅट. अशा खोलीत अभ्यासाला टेबल नसतं, आणि निवारा बदलला की एक तर शाळा सुटते, नाहीतर रोज दोन बस बदलत तिथवर पोहोचावं लागतं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे जेवणाकडे.

इंग्लंडमध्ये पहिल्या तीन इयत्तांना, म्हणजे साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांना, सरकारी शाळेत दुपारचं जेवण सरसकट मोफत मिळतं. ही सोय २०१४ पासूनची. त्यापुढे कागदपत्रं सुरू होतात. घराला ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे सरकारी साहाय्य मिळत असेल आणि हातात येणारी कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत असेल, तरच जेवण फुकट. २०१८ मध्ये आखलेली ही रेघ महागाई कितीही वाढली तरी हलली नाही. नव्याने अर्ज करणारं घर तिच्या पलीकडे असेल, तर सवलत हळूहळू नव्हे, एका झटक्यात पूर्ण नाकारली जाते. दोन-तीन मुलांची आई अर्ज करण्याआधी आठवड्याला चार तास जास्त काम करायला निघाली, तर वाढलेली मजुरी पोरांच्या डब्यातच जिरते. दुपारच्या ताटाला साधारण अडीच-तीन पौंड पडतात आणि शाळा वर्षात १९० दिवस भरते. गुणाकार करायला वाचकाला कॅल्क्युलेटर लागणार नाही.

माध्यमिक शाळेच्या कँटीनमध्ये हा नियम कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. बऱ्याच शाळांत मुलं यंत्रावर बोट टेकवतात आणि खात्यातून पैसे वळते होतात. फुकट जेवणारा कोण आणि पैसे भरणारा कोण हे रांगेत कोणाला कळू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. मोफतवाल्या मुलाच्या खात्यात रोज ठरावीक रक्कम पडते. पण पुष्कळ ठिकाणी ती फक्त दुपारी चालते, सकाळच्या मधल्या सुट्टीत नाही. आणि उरलेले पेन्स संध्याकाळी उडून जातात, उद्यासाठी साठत नाहीत. त्यामुळे रात्री नीट न जेवता आलेला पोरगा मित्रांना सकाळी अकराला काही खाताना बघत बसतो. बोट टेकवण्याने लपवलेली गोष्ट तिथे उघडी पडतेच.

मोफत जेवणासाठी पालकांना जो फॉर्म भरावा लागतो त्याला आणखी एक शेपूट आहे, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. २०११ पासून सरकार गरीब विद्यार्थ्यामागे शाळेला जादा पैसे देतं. याला ‘प्युपिल प्रीमियम’ म्हणतात. २०२५-२६ चा दर प्राथमिकला एका मुलामागे १,५१५ पौंड आणि माध्यमिकला १,०७५. यातून जादा शिक्षक, वाचनाचे तास, समुपदेशक असं सगळं उभं राहतं. मूल गरीब आहे हे ठरतं कशावरून? तर गेल्या सहा वर्षांत कधीतरी ते मोफत जेवणासाठी नोंदलं गेलं होतं का, यावरून. म्हणजे पालकाने फॉर्म भरला नाही तर शाळेचे पैसे बुडतात. आता गंमत पाहा. लहान मुलांना जेवण सरसकट फुकट झालं, तेव्हा पालक विचारू लागले, ‘पोरगं जेवतंय ना, मग फॉर्म कशाला भरायचा?’ सरकारच्या एका चांगल्या योजनेने दुसरीच्या पायात पाय अडकवला. मग मुख्याध्यापक फाटकाशी उभे राहून आयांची मनधरणी करू लागले आणि काही शाळांनी फॉर्म भरणाऱ्यांना बक्षिसंही देऊ केली.

महाराष्ट्राशी तुलना इथे टाळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिजवलेलं अन्न द्यावं लागलं आणि पुढे ही सोय आठवीपर्यंत गेली. खिचडीत डाळ किती आणि पाणी किती यावर भांडता येईल, भांडावंही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पंगतीला बसलेल्या पोराकडे बापाच्या उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. त्या बाबतीत आपला नियम साहेबाच्या नियमापेक्षा शहाणा आहे.

सुट्टीत काय, हा क्राउलींनी समोर आणलेला प्रश्न थेट २०२० मध्ये पुन्हा पेटला, आणि तो पेटवला एका फुटबॉलपटूने. तेव्हा मँचेस्टर युनायटेडकडून खेळणारा मार्कस रॅशफर्ड लहानपणी स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेला. करोनाच्या उन्हाळ्यात, जूनमध्ये त्याने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेऊन उन्हाळी सुट्टीसाठी कूपनं मंजूर केली. ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न संसदेत मताला आला, तेव्हा मात्र ३२२ विरुद्ध २६१ मतांनी तो फेटाळला गेला. मग देशभरातल्या उपाहारगृहांनी आणि नगरपालिकांनी आपापल्या परीने मुलांना जेवू घालायला सुरुवात केली. सरकारची अब्रू गेली आणि नोव्हेंबरात पुन्हा माघार. २०२१ पासून इंग्लंडभर सुट्टीतल्या खेळ-जेवणाच्या शिबिरांना सरकारी पैसा मिळतो. तोही मुख्यतः त्याच रेघेच्या आतल्या मुलांसाठी.

दरम्यान शाळाच शिधावाटप केंद्रं झाली. ब्रिस्टल विद्यापीठाचे विल बेकर यांच्या अभ्यासानुसार ब्रिटनमधल्या साधारण पाचातल्या एका शाळेत फूड बँक चालते. अशा शाळांची संख्या चार हजारांवर आहे, शाळेबाहेरच्या फूड बँकांपेक्षाही जास्त. शिक्षकाला गणित शिकवायचं की तांदळाची पाकिटं मोजायची?

या सगळ्याचा हिशेब शेवटी परीक्षेत लागतो. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत इंग्रजी आणि गणित या दोन्ही विषयांत भक्कम उत्तीर्ण, म्हणजे पाचवी श्रेणी किंवा त्यावर, होणारी गरीब मुलं जेमतेम चौथा हिस्सा भरतात. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट ही संस्था हेच अंतर महिन्यांत मोजते. पाच वर्षांचं गरीब मूल शाळेच्या पहिल्याच वर्षी चारपाच महिने मागे असतं, आणि सोळाव्या वर्षी ते अंतर दीड वर्षाहून जास्त झालेलं असतं.

म्हणजे गळती शाळेच्या आधीच सुरू होते. टोनी ब्लेअर सरकारने १९९९ मध्ये बालदारिद्र्य एका पिढीत संपवण्याचं वचन दिलं, तेव्हा गरीब वस्त्यांत ‘शुअर स्टार्ट’ केंद्रं उघडली होती. तिथे नर्स, खेळघर आणि पालकांना सल्ला हे एका छपराखाली मिळत असे. २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली त्यांतली शेकडो बंद झाली. पुढे २०२४ मध्ये इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने दाखवून दिलं, की सुरुवातीच्या केंद्रांजवळ वाढलेल्या मुलांना, विशेषतः गरीब मुलांना, जीसीएसईत चांगले गुण पडले. दुकान बंद करून झाल्यावर माल उत्तम होता असा निर्वाळा मिळाला! आणि आजचा नियम काय? आईबाप दोघे कमावते असतील तर तीन वर्षांच्या मुलाला आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने पाळणाघर, दोघांचं उत्पन्न प्रत्येकी ९९ हजार पौंड असलं तरी. बेकार आईच्या मुलाला मात्र १५ तास. ज्याला शाळापूर्व शिक्षणाची गरज सगळ्यांत जास्त, त्याला ते निम्मं.

तरी गरिबी म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे, हे लंडनने दाखवलं आहे. टॉवर हॅम्लेट्स हा पूर्व लंडनमधला बांगलादेशी वस्तीचा भाग १९९७ मध्ये शैक्षणिक निकालांत देशात तळाला होता. शाळांवर पैसा खर्च झाला, चांगले शिक्षक आले, स्थलांतरित आईबापांनी जिद्द धरली, आणि दशक-दीड दशकात तिथले निकाल राष्ट्रीय सरासरीपुढे गेले. आज देशभरात मोफत जेवणवाली दहातली तीन मुलं विद्यापीठात पोहोचतात. लंडनच्या अंतर्भागात हे प्रमाण निम्म्याच्या पुढे आहे. सर्वांत मागे राहणाऱ्यांत येतात ते गिरण्या आणि बंदरं बंद पडलेल्या गावांतले गोऱ्या गरीब घरांतले मुलगे. त्यांच्या गावात शिकून लागणारी नोकरीच उरलेली नाही, आणि त्यांच्याविषयी बोलायला राजकारण्यांना निवडणुकीखेरीज सवड नसते.

व्हिसावर आलेल्या मराठी कुटुंबांसाठी एक सूचना. ‘सरकारी निधीवर हक्क नाही’ अशी अट व्हिसावर असलेल्यांना युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, म्हणून शाळेतलं मोफत जेवणही आपल्याला नाही असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. २०२० मधली तात्पुरती सवलत पुढे कायम झाली आहे. उत्पन्न आणि शिल्लक ठरावीक मर्यादेत असेल तर शाळेकडे अर्ज करता येतो. कमी पगाराच्या कामावर आलेल्यांनी लाजू नये.

हवा थोडी बदलते आहे, हेही खरं. २०१७ पासून तिसऱ्या आणि पुढच्या अपत्यासाठी साहाय्य नाकारणारा नियम होता. एका मुलामागे महिन्याला २९० पौंडांच्या आसपास फटका बसे. अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात तो एप्रिल २०२६ पासून रद्द करण्याचं जाहीर केलं. स्कॉटलंडने तर केव्हाच आपली वेगळी वाट धरली. तिथे २०२१ पासून गरीब घरातल्या मुलाला आठवड्याच्या हिशेबाने रोख रक्कम मिळते. वेल्समध्ये सगळ्या प्राथमिक शाळांत जेवण फुकट आहे. लंडनमध्ये महापौर सादिक खान यांनी सप्टेंबर २०२३ पासून तेच केलं. राणी गेली, राजा आला, राज्य एकच, पण मुलाच्या ताटात काय पडणार हे पत्त्यावर ठरतं.

आणि इंग्लंडच्या जेवणाच्या रेघेचं काय? सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला जेवण मोफत मिळेल, पाच लाखांहून अधिक नव्या मुलांना त्याचा लाभ होईल, असा सरकारचा निर्णय आहे. पण शाळांना मिळणाऱ्या जादा पैशांसाठी, म्हणजे प्युपिल प्रीमियमसाठी, ७,४०० पौंडांचीच मर्यादा कायम ठेवली आहे. नव्याने जेवणाला पात्र ठरलेल्या मुलामागे शाळेला प्रीमियमची एक पेनीही मिळणार नाही.